गावाकडचं रेशनकार्ड, शहरात राहणं: वस्तीतल्या लोकांना धान्य मिळवून द्यायला नेमकं काय करावं?

निंबोणी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही. आम्ही पिंपरी-चिंचवडकडे राहतो, सोसायटीच्या मागे मोठी वस्ती आहे, पत्र्याच्या खोल्या, सगळे भाड्याने राहणारे, बरेचसे मराठवाडा-विदर्भातले आणि काही बिहार-यूपीकडचे. आम्ही काहीजणी रविवारी तिथे मुलांचा अभ्यास घेतो, तर हळूहळू लक्षात आलं की बऱ्याच घरांना रेशनचं धान्य मिळतच नाही. दुकानातून महागाचा तांदूळ, आटा आणतात, महिनाअखेरीला उधारी. कुणाला विचारलं की प्रत्येक जण वेगळंच सांगतो, म्हणून इथे विचारतेय.

पहिली गोष्ट आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींची. त्यांचं केसरी कार्ड लातूर जिल्ह्यातलं, सासऱ्यांच्या नावावर. सासू-सासरे गावी, या नवरा-बायको आणि दोन मुलं इथे. इथल्या दुकानात गेल्या तर दुकानदार म्हणतो कार्ड गावचं आहे, गावालाच जा. धाकट्या मुलाचं नावच कार्डात नाही. दुसरी एक बाई आहे, तिचं कार्ड इथलंच आहे, तेही केसरीच, पण तिला आजवर धान्याचा एक दाणा मिळालेला नाही, दुकानात सांगतात की तुमचं कार्ड ऑनलाईन नाही. तिसऱ्या एक आजी आहेत, एकट्याच राहतात, आयुष्यभर भांडी घासून बोटांच्या रेषा गेल्यात आणि मशीनवर अंगठा लागत नाही, दोनदा लावायला सांगून परत पाठवतात. आणि चौथं बिहारचं तरुण जोडपं, बांधकामावर काम करतात, त्यांच्याकडे कार्डच नाही म्हणतात, बाई गरोदर आहे.

वस्तीत एक एजंट फिरतो, तो कार्ड "चालू करून देतो" म्हणून पैसे मागतो, काहींनी दिलेतही. मला कळत नाही की या चौघांसाठी मी कुठून सुरुवात करू, ऑफिसात कुणाला भेटू, कुठला फॉर्म भरू. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

---

माळरान

ताई, चांगलं केलंत विचारलंत. मी बरीच वर्षं रेशनच्या प्रश्नावर काम करणाऱ्या लोकांबरोबर वस्त्यांमध्ये फिरलोय, तर जेवढं पक्कं माहितीय तेवढं लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, मग पुढचं सगळं सोपं जातं. धान्य कार्डाच्या रंगावर मिळत नाही, धान्य मिळतं ते यादीत नाव असेल तर. पिवळं, केसरी आणि पांढरं ही तीन रंगांची पद्धत आपल्याकडे १९९९ पासून आहे. पिवळं वर्षाला १५,००० पर्यंत उत्पन्न, केसरी त्याच्या वर एक लाखापर्यंत, आणि पांढरं त्याच्याही वर. पण २०१३ ला राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला आणि महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला, तेव्हा त्या रंगांवर आणखी एक चाळणी बसली. एक म्हणजे अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब कुटुंबं, त्यांना कुटुंबाला महिन्याला ३५ किलो. दुसरं प्राधान्य कुटुंब, त्यांना माणशी ५ किलो. केसरीवाल्यांपैकी काही प्राधान्यमध्ये घेतले आणि बाकीचे बाहेर राहिले. बाहेरून कार्ड अगदी सारखंच दिसतं, रंग तोच, शिक्का वेगळा. तुमच्या दुसऱ्या बाईंचं बहुतेक हेच झालंय. तिच्याकडे कार्ड आहे पण ती अन्न सुरक्षेच्या यादीत नाही, म्हणून दुकानदार "ऑनलाईन नाही" म्हणतो. तो खोटं बोलतोय असं नाही, पण पुढे काय करायचं ते तो सांगत नाही आणि बाई समजते की काहीतरी कम्प्युटरचा घोळ आहे, आज ना उद्या होईल. आपोआप काही होत नाही, त्यासाठी अर्ज लागतो.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे चौघांचेही आधार आणि असतील ती कार्डं घेऊन बसा आणि प्रत्येकाच्या रेशनकार्डाचा १२ अंकी नंबर शोधा. "मेरा राशन" ॲपमध्ये कार्ड नंबर किंवा आधार नंबर टाकून दिसतं, राज्याच्या अन्न पुरवठा खात्याच्या साईटवर पण दिसतं. तिथे तीन गोष्टी बघायच्या, योजना कुठली लिहिलीय, कार्डात किती युनिट आहेत म्हणजे किती माणसं, आणि कोणाचं आधार जोडलंय कोणाचं नाही. हे बघितल्याशिवाय कुठल्याच ऑफिसात जाऊ नका, कारण तिथे पहिला प्रश्न हाच विचारतात आणि उत्तर नसलं की परत पाठवतात.

आता मावशींचं. त्यांचं कार्ड अंत्योदय किंवा प्राधान्य असेल तर त्यांना गावाला जायची अजिबात गरज नाही. वन नेशन वन रेशन कार्ड म्हणतात ती योजना ऑगस्ट २०१९ ला सुरू झाली, पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा अशा जोड्या होत्या, आणि २०२२ पर्यंत सगळी राज्यं तिच्यात आली. राज्याच्या आत तर कुठल्याही रास्त भाव दुकानात धान्य घेता येतं. कार्डाचा कागद पण लागत नाही, कार्ड नंबर किंवा आधार नंबर आणि अंगठा. आणि महत्त्वाचं म्हणजे धान्य वाटून घेता येतं. सासू-सासरे गावी आपल्या वाट्याचं उचलतील, हे आपल्या वाट्याचं इथे. पण मशीन वाटा ओळखत नाही, ते फक्त त्या महिन्यात कार्डावर किती शिल्लक आहे तेवढंच दाखवतं. गावाकडे कोणी आधी सगळं उचललं तर इथे शून्य दिसणार. म्हणून आधी घरात फोनवर बोलून ठरवायला लावा, हे मी मुद्दाम सांगतोय कारण यावरून घराघरात भांडणं झालेली बघितलीत. दुकानदाराचा काही दोष नसतो आणि इकडची सून उपाशी, तिकडच्या सासूवर राग.

दुकानदाराने "गावचं कार्ड चालत नाही" म्हटलं तर त्याच्यासमोरच १४४४५ ला फोन लावा, ही याच योजनेची हेल्पलाईन आहे, १९६७ पण आहे. फोन लागो न लागो, नंबर माहितीय म्हटल्यावरच बऱ्याच ठिकाणी सूर बदलतो.

धाकट्या मुलाचं नाव घालायला नमुना ८ चा अर्ज, जन्मदाखला आणि आधार. हे मात्र कार्ड जिथलं आहे तिथल्या तहसील पुरवठा शाखेत जातं, ऑनलाईन पण भरता येतं. मावशींना कार्डच इकडे आणायचं असेल तर गावच्या कार्डातून यांची नावं कमी करून तसा दाखला घ्यायचा आणि इथे नवीन कार्डासाठी नमुना १ भरायचा. पण हे करू नका. निदान घाई तरी करू नका. कारण गावच्या यादीतून नाव कमी होणं लगेच होतं आणि शहराच्या यादीत नाव लागणं मात्र इष्टांकावर, म्हणजे किती माणसं घ्यायची याच्या ठरलेल्या आकड्यावर, अवलंबून असतं, मधल्या मध्ये दोन्हीकडून धान्य जातं. पोर्टेबिलिटी, म्हणजे गावच्या कार्डावर इथल्या दुकानात धान्य, चालतेय तोवर गावचं नाव सोडायचं नाही.

---

पोत्याची_सुतळी

माझ्या वडिलांचं रास्त भाव दुकान आहे, मी पण तिथे मशीनवर बसतो, तर दुकानाच्या बाजूने लिहितो म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.

वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय. दुकानदार बाहेरचं कार्ड टाळतो त्याचं कारण बऱ्याचदा स्टॉक असतं. माल आमच्याकडे आमच्या दुकानाला जोडलेल्या कार्डांच्या हिशोबाने येतो, बाहेरची कार्डं जास्त आली तर शेवटच्या दिवसांत आमच्या रोजच्या लोकांना द्यायला उरत नाही आणि शिव्या आम्ही खातो. हे नाकारायचं कारण होऊ शकत नाही, पण अडचण खरी आहे. म्हणून मावशींना महिन्याच्या सुरुवातीला माल आला की लगेच जायला सांगा, शेवटच्या आठवड्यात नको. आणि एका दुकानाने नाही म्हटलं तर दुसऱ्या दुकानात जा, कुठेही चालतं. दर महिन्याला एकाच दुकानात गेलात तर तो दुकानदार पण तुम्हाला धरून चालतो.

आजींचं सांगतो. अंगठा लागत नाही हे आमच्याकडे रोजचं आहे, भांडी-धुणं करणारे, गवंडी, विटभट्टीवाले, सगळ्यांची बोटं झिजलेली असतात. अंगठाच लावायचा असं नाही, दहाही बोटं लावून बघता येतात, बऱ्याचदा करंगळी किंवा अनामिका लागते. हात धुवून कोरडे करून लावा. बोटं जमत नसतील तर डोळ्याचं स्कॅनर आहे, नव्या मशीनबरोबर आलेलं आहे, दुकानदार कंटाळा करतो काढायचा पण मागितलं तर द्यावं लागतं. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीचा पण मार्ग असतो. आणि आजी दुकानापर्यंत चालूच शकत नसतील तर त्यांच्या वतीने दुसऱ्या माणसाचं नाव नोंदवून घेता येतं, त्याला नॉमिनी म्हणतात, त्यासाठी पुरवठा ऑफिसला साधा अर्ज करायचा. आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे अपडेट करून घ्या एकदा, त्याने बऱ्याच जणांचं काम होतं.

ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, झालीय का ते सगळ्यांचं बघा. कार्डातल्या प्रत्येक माणसाची करावी लागते, घरातल्या एकानेच केली की झालं असं लोकांना वाटतं. नाही झाली तर त्या माणसाचं धान्य बंद होतं. कुठल्याही दुकानात करता येते, गावाला जायची गरज नाही, बिहारच्या माणसाची सुद्धा इथे होते. मोबाईलवर चेहरा दाखवून करायचं "मेरा ई-केवायसी" ॲप पण आहे, फक्त आधारला मोबाईल नंबर जोडलेला पाहिजे. मुलांचं एक खास, लहानपणी काढलेल्या आधारमध्ये बोटांचे ठसेच नसतात, पाच वर्षांनंतर ते अपडेट केले नाहीत तर मुलाची ई-केवायसी होत नाही आणि आईबाप म्हणतात मशीन खराब आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांचं आधी आधार अपडेट करा, मग दुकानात या.

आणखी एक, सलग सहा महिने धान्य उचललं नाही तर कार्ड तात्पुरतं बंद करून चौकशी करायचा नियम २०२५ मध्ये आलाय. शहरात राहणाऱ्या आणि गावचं कार्ड नुसतं ट्रंकेत ठेवलेल्या लोकांनी हे लक्षात घ्या, थोडं का होईना पण उचला.

पावती मागा. मशीनमधून निघते, तिच्यावर किती किलो दिलं ते असतं. धान्य १ जानेवारी २०२३ पासून पूर्ण मोफत आहे, आधी तांदूळ ३ आणि गहू २ रुपये किलो होता, आता एक रुपया पण द्यायचा नाही, हमाली नाही पिशवी नाही काही नाही. कुणी मागत असेल तर चूक आहे, मी दुकानदाराच्या घरचा असून सांगतो.

---

सरळ_रस्ता

माहिती चांगली आहे, पण एक विचारतो. आमच्या ओळखीत दोन मजली घर असलेले लोक मोफत धान्य उचलतात आणि ते बाहेर विकतात. एवढ्या कोट्यवधी लोकांना धान्य देऊन पुन्हा नवीन नावं घालायची, हे कुठवर चालणार? आधी खोटी नावं काढली पाहिजेत असं मला वाटतं. कुणाला दुखवायचं नाही, पण कर भरणाऱ्याला प्रश्न पडतोच.

---

माळरान

दादा, प्रश्न रास्त आहे म्हणून नीट उत्तर देतो. खोटी नावं निघालीच पाहिजेत, त्याला माझाही पाठिंबा आहे, कारण आमच्या वस्तीतल्या बाईचं नाव लागत नाही ते जागा नाही म्हणून.

हे इष्टांक प्रकरण समजून घ्या. कायद्यात म्हटलंय की देशात खेड्यातली ७५ टक्के आणि शहरातली ५० टक्के लोकसंख्या यात घ्यायची. राज्याराज्याला वेगळा आकडा दिला, महाराष्ट्राला शहरासाठी ४५.३४ टक्के आणि खेड्यासाठी ७६.३२ टक्के, एकूण सात कोटींच्या आसपास माणसं. हा हिशोब २०११ च्या जनगणनेवर केलाय. त्यानंतरची २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. २०११ नंतर पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नाशिक किती वाढलं ते तुम्ही डोळ्यांनी बघताय. माणसं शहरात आली, आकडा तिथेच राहिला. म्हणून शहरात खरोखर गरीब असलेल्या बाईला ऑफिसात सांगतात की इष्टांक संपलाय, कोणाचं नाव कमी झालं की तुमचं घेऊ. त्यात शहरासाठी प्राधान्य कुटुंबाची उत्पन्नाची मर्यादा ठरवली होती वर्षाला ५९,०००, म्हणजे महिन्याला पाच हजाराच्या पण आत. चार घरची धुणीभांडी करणारी बाई आणि वॉचमन नवरा, दोघांचं मिळून यापेक्षा जास्तच होतं, मग ते काय श्रीमंत झाले का? खोलीचं भाडं, मुलांची फी, औषधं गेली की हातात काय उरतं ते त्यांनाच माहीत.

सुप्रीम कोर्टाने पण हे बघितलंय. कोविडच्या काळात स्थलांतरित मजुरांच्या हालाची कोर्टाने स्वतःहून दखल घेतली होती, त्या प्रकरणात २९ जून २०२१ ला निकाल दिला की सगळ्या राज्यांनी वन नेशन वन रेशन कार्ड लागू करायचं, आणि ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांनाही कोरडा शिधा द्यायची योजना राज्यांनी करायची. पुढे २०२३ आणि २०२४ मध्ये पुन्हा आदेश दिले की ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर, नोंद असलेल्या पण रेशनकार्ड नसलेल्या मजुरांना कार्ड द्या आणि इष्टांक संपला म्हणून अडवू नका. अंमलबजावणी ठिकठिकाणी वेगळी आहे, पण अर्जात या आदेशाचा उल्लेख केला की अर्ज सहजासहजी बाजूला टाकता येत नाही. म्हणून ताई, वस्तीतल्या सगळ्या मजुरांची ई-श्रम नोंदणी करून घ्या, मोफत आहे, आधार आणि मोबाईल लागतो, सेतू किंवा सीएससी केंद्रात होते.

आता दुसऱ्या बाईंचं जे केसरी कार्ड आहे, त्यांनी प्राधान्य कुटुंबात समावेशासाठी अर्ज द्यायचा, सोबत उत्पन्नाचं हमीपत्र, कार्डाची झेरॉक्स, घरातल्या सगळ्यांचे आधार. पुण्याकडे परिमंडळ कार्यालय, मुंबई-ठाण्याकडे शिधावाटप कार्यालय, बाकीकडे तहसीलची पुरवठा शाखा. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नका. मी हे किती वेळा सांगतो माहिती नाही, पण निम्मी कामं इथेच मरतात. बाई जाते, तोंडी विचारते, तिला तोंडी "नाही" सांगतात, ती घरी येते, आणि कागदावर ती तिथे गेलीच नव्हती असं होतं. लेखी अर्ज असला की लेखी उत्तर मागता येतं, उत्तर नाही आलं तर लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अपील करता येतं, अन्न सुरक्षा कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, त्याच्यावर राज्य अन्न आयोग आहे. या सगळ्या पायऱ्या आवक नंबरपासून सुरू होतात. एजंट नेमकं यावरच पैसे कमावतो, त्याच्याकडे काही वेगळी ताकद नसते, त्याला फक्त कुठला कागद कुठल्या टेबलावर जातो ते माहिती असतं.

आणि दादा, ऑफिसात गेल्यावर तुमच्या ओळखीतल्या दोन मजली घरवाल्यांबद्दल पण लेखी तक्रार द्या. कार्डांच्या याद्या लोकांसाठी खुल्या ठेवायच्या असं कायद्यातच आहे.

---

पाळणाघर_ताई

बिहारच्या जोडप्याबद्दल लिहिते, कारण त्या बाई गरोदर आहेत आणि त्यांना कार्ड होईपर्यंत थांबायला वेळ नाही. मी अंगणवाडीशी संबंधित काम करते.

अंगणवाडीत नाव लावायला रेशनकार्ड लागत नाही, हे खूप जणींना माहीतच नसतं. गरोदर बाई, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत स्तनदा माता, आणि सहा महिने ते सहा वर्षांची सगळी मुलं यांना अंगणवाडीचा आहार हा अन्न सुरक्षा कायद्यानेच मिळतो. ती कुठल्या राज्यातली आहे, घर कायदेशीर आहे का, खोली भाड्याची आहे का, काही बघायचं नाही. लहान मुलांना आणि गरोदर बायांना घरी न्यायचा आहार असतो, तीन ते सहाच्या मुलांना तिथेच गरम जेवण. वस्तीतली अंगणवाडी शोधा आणि सेविकेला भेटा. एकच विनंती, तिच्याशी आदराने बोला, एकेकीवर कामाचा खूप भार असतो, आणि बांधकामावरची माणसं साईट बदलली की निघून जातात म्हणून ती कधीकधी नाव घ्यायला बिचकते. तिला सांगा की इथून गेल्या तर मी स्वतः येऊन कळवेन, मग ती लगेच घेते.

शिवाय प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला दोन हप्त्यांत ५,००० रुपये मिळतात, दुसरं मूल मुलगी असेल तर ६,०००. ई-श्रम कार्ड असलं तरी चालतं. आधार आणि आधार जोडलेलं बँक खातं लागतं. दवाखान्यातली नोंदणी लवकर करून घ्या, माता-बाल कार्डाशिवाय पुढचं काहीच होत नाही.

वस्तीत शाळेत जाणारी मुलं असतील तर महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीपर्यंत दुपारचं जेवण आहे. काही आईबाप कसंबसं करून छोट्या खासगी शाळेत घालतात, तिथे ते मिळत नाही, हेही बोलताना सांगा, ठरवू देत त्यांचं त्यांना.

आणि "कार्डच नाही" म्हणतात त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. खोटं बोलतात म्हणून नाही, त्यांना खरंच माहिती नसतं. बऱ्याचदा नाव गावाकडे आईच्या कार्डात असतं. आधार नंबर टाकून बघा.

---

निंबोणी

खूप खूप आभार सगळ्यांचे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आम्ही वस्तीत बसलो, मोबाईल आणि एक वही घेऊन, आणि प्रत्येकाचं बघितलं. काय झालं ते लिहिते म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल.

मावशींचं कार्ड प्राधान्य निघालं. पहिल्या दुकानात पुन्हा नाहीच म्हणाले, दुसऱ्या दुकानात दिलं. फोनवर सासूबाईंशी बोलणं झालं, त्या म्हणाल्या आम्ही दोघांचंच उचलू, तुमचं तुम्ही घ्या, एवढे दिवस आम्हाला वाटायचं तुम्हाला तिकडे मिळतच असेल. मोठ्या मुलाची ई-केवायसी अडली होती, आधार अपडेटच नव्हतं, पोत्याची_सुतळी म्हणाले तसंच. धाकट्याचं नाव घालायचा अर्ज ऑनलाईन भरलाय, सासरे तहसीलला जाऊन चौकशी करणार आहेत.

आजींचं डोळ्याच्या स्कॅनरवर झालं. दुकानदाराने आधी स्कॅनर बंद आहे म्हटलं, मग मी १९६७ लावते म्हटल्यावर आतून काढून आणलं. आजी पावती दोन्ही हातांत धरून बघत होत्या, वाचता येत नाही त्यांना, मला विचारत होत्या की यात किती लिहिलंय.

बिहारच्या दादाचं नाव खरंच त्याच्या आईच्या कार्डात निघालं, बायकोचं नाही. त्याचे पाच किलो आता इथे मिळतील. बायकोचं नाव तिच्या माहेरच्या कार्डात आहे का ते बघायला तिने भावाला सांगितलंय. अंगणवाडीत तिचं नाव लागलं, सेविका खूप चांगल्या आहेत.

केसरी कार्डवाल्या बाईंचं मात्र अडलंय. अर्ज द्यायला गेलो तर आधी घेईनातच, इष्टांक नाही म्हणाले. मी म्हटलं घेत नाही असं नका म्हणू, अर्ज घ्या आणि नाही असेल तर नाही असं लिहून द्या. बराच वेळ उभं ठेवलं आणि मग शिक्का मारून दिला. आवक नंबर आहे आता. पुढे? आणि त्यांच्याकडे भाडेकरार नाही, घरमालक देत नाही, रहिवासी पुरावा मागितलाय.

---

माळरान

शिक्का मिळाला हे फार मोठं काम झालं ताई. त्या बाईंना सांगा की तो कागद जपून ठेवा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

रहिवासी पुराव्याचं असं करा. घरमालक करार देत नाही कारण त्याला भीती असते की भाडेकरू उद्या हक्क सांगेल. करार हा एकच पुरावा नाही. त्यांचं कार्ड इथलंच आहे म्हणजे पत्ता एकदा तपासला गेलाय, हा मुद्दा आधी मांडा. मग मुलांच्या शाळेचा दाखला, गॅसचं पुस्तक, बँकेचं पासबुक, दवाखान्याचे कागद, जे काही त्या पत्त्यावर आहे ते सगळं लावा. काहीच नसेल तर स्वयंघोषणापत्र आणि सोबत "प्रत्यक्ष गृहभेट करून पाहणी करावी" असा विनंती अर्ज. निरीक्षकाने येऊन बघणं हे त्याचं कामच आहे. तो येईल तेव्हा शेजारच्या दोन-तीन बायका घरी असतील असं बघा, त्यांची सही घेतात पंचनाम्यावर.

बाईंना अर्जात एक ओळ वाढवायला सांगा, घरात आजारी, अपंग, विधवा किंवा एकटी बाई कमावणारी असं काही असेल तर ते स्पष्ट लिहायचं, कारण जागा रिकामी झाली की कुणाला आधी घ्यायचं हे ठरवताना ते बघितलं जातं. आणि कार्ड कुणाच्या नावावर आहे? कायद्याप्रमाणे घरातली १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख असते. नवऱ्याच्या नावावर असेल तर याच अर्जात तेही दुरुस्त करून मागा.

एक महिना थांबून लेखी स्मरणपत्र द्या, त्याच आवक नंबरचा उल्लेख करून, आणि त्याचाही शिक्का घ्या. तरी उत्तर नसेल तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दोन्ही कागद जोडून तक्रार. जमलं तर एकट्या बाईला पाठवू नका, वस्तीतल्या अशाच केसरी कार्डवाल्या अजून बायका असणारच, त्या सगळ्यांचे अर्ज एकदमच नेऊन द्या. एकीला बाहेर उभं ठेवता येतं, वीस जणींना ठेवता येत नाही.

---

पोत्याची_सुतळी

आणि ताई, पहिल्या दुकानाने दोनदा नाही म्हटलंय त्याची तक्रार १९६७ वर नोंदवा, तक्रार नंबर मिळतो तो लिहून ठेवा. त्या वस्तीतले बाकीचे लोक पण त्याच दुकानातून परत जात असतील. दुकानाच्या दारावर दर, शिल्लक साठा आणि तक्रारीचे नंबर असलेला फलक लावायचा असतो, तो आहे का बघा, नसेल तर तेही तक्रारीत घाला.

---

निंबोणी

फलक नाहीये, आत्ताच मावशींच्या मुलाला पाठवून बघितलं. उद्या फोन करते. आणि केसरी कार्डवाल्या बायकांची यादी करायला घेतलीय, आत्तापर्यंत अकरा नावं झाली, अजून मागच्या दोन गल्ल्या बाकी आहेत.